मुक्काम बेळगाव, वाट पश्चिमेची

बेळगावला आलेला पाहुणा कुंद्याची मिठाई घेतो, किल्ल्यातलं कमल बस्ती हे जैन मंदिर बघतो आणि दुसऱ्या दिवशी चोर्ला घाट उतरून गोव्याला जातो. वाटेत गाडी थांबवून धुक्यात चार फोटो. ज्या रानातून तो तासाभरात निघून गेला, ते उत्तरेला आंबोलीपासून दक्षिणेला दांडेलीपर्यंत पसरलंय. महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोवा अशा तीन राज्यांच्या हद्दी त्यातून जातात आणि नीट बघायचं तर आठवडाही पुरत नाही. त्यासाठी रानात रिसॉर्ट शोधत बसायला नको. बेळगावात खोली घ्या, रोज पहाटे निघा, अंधारापूर्वी परत या. हे कसं जमवायचं आणि नेमकं कुठे फसतं, एवढंच इथे लिहितोय.

आधी जमिनीचा स्वभाव. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे, म्हणजे तुम्ही मुळातच वर आहात. पश्चिमेला जाताना सह्याद्री समोर उभा राहत नाही, पायाखालून तुटतो. कणकुंबीपर्यंत पन्नासेक किलोमीटर भाताची शेतं, गायरानं, लहानमोठे चढउतार आणि वाढत जाणारी झाडी. त्यानंतर घाट सुरू होतो आणि गोव्यातल्या केरीपर्यंत जमीन सातशे मीटर खाली उतरते. पुण्या-नाशकाकडच्या ट्रेकरचा अंदाज इथे चुकतो तो यामुळे. त्याला सकाळी ताज्या पायांनी चढायची आणि दमल्यावर उतरायची सवय असते. इथे धबधब्याच्या तळाशी जायचं असो की नदीच्या खोऱ्यात, आधी उतार लागतो आणि चढ येतो तो दुपारी तीननंतर, पाण्याची बाटली रिकामी झाल्यावर. परतीला जाण्याच्या दीडपट वेळ धरा.

दुसरी गोष्ट पाण्याची. हा सगळा पट्टा पाणलोटाच्या माथ्यावर आहे. कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते, खानापूर ओलांडून पूर्वेला जाते आणि कृष्णेला मिळून शेवटी बंगालच्या उपसागरात. तिथून थोड्याच अंतरावर, भीमगडाच्या रानात देगावकडे, म्हादई उगम पावते आणि पश्चिमेला मांडवी होऊन पणजीजवळ अरबी समुद्रात. कळसा आणि भांडुरा हे म्हादईचे नाले मलप्रभेत वळवायचे की नाही, यावरून कर्नाटक आणि गोवा कित्येक वर्षं भांडताहेत. लवादाने 2018 साली पाणीवाटप केलं, तरी वाद मिटलेला नाही. कणकुंबीजवळ कालव्याचं खोदकाम रस्त्यावरूनच दिसतं. तिथे कॅमेरा घेऊन रेंगाळू नका, ड्रोन तर पिशवीतून काढूच नका. ड्रोनचा विषय निघालाच आहे तर, बेळगावचा कॅम्प हा लष्करी भाग आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र तिथेच आहे, आणि सांबऱ्याला हवाई दलाचं ठाणं. अभयारण्यात परवानगीशिवाय उडवता येत नाही ते वेगळंच. ड्रोन घरीच ठेवलेला बरा.

या पाणलोटाचा प्रवाशाला थेट उपयोग आहे. पावसाळ्यात पूर्वेला वाहणाऱ्या पाण्याकडे जायचं, पाऊस ओसरला की पश्चिमेला वाहणाऱ्या. घटप्रभा, मार्कंडेय, मलप्रभा माथ्यावर पसरट वाहतात आणि त्यांच्याकडे डांबरी रस्त्याने जाता येतं. म्हादई आणि तिलारी मात्र दऱ्यांतून कोसळत जातात. जुलैत तिकडे उतरलेला माणूस वर येईलच याची खात्री नसते.

आता नियम एकच: एका दिवसाला एक दिशा. शहरातून रस्ते पंख्याच्या काड्यांसारखे सुटतात. कॅम्पातून हिंडलग्याकडचा रस्ता सुळगा, बाची, शिनोळी करत महाराष्ट्रात शिरतो आणि पाटणे फाट्यावरून चंदगड, तिलारी किंवा आंबोलीकडे जातो. टिळकवाडीतून खानापूर रस्ता उद्यमबाग करत पिरनवाडीला येतो. तिथे उजवीकडे जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला. सरळ गेलात तर सव्वीस किलोमीटरवर खानापूर, तिथून एक वाट हेम्माडग्याहून अनमोडला आणि दुसरी गुंजी, लोंढ्याकडे. पूर्वेला गोकाक. या काड्यांना एकमेकांशी जोडणारे आडवे रस्ते नकाशावर दिसतात, पण त्यांतले निम्मे बैलगाडीचे आहेत आणि उरलेले बहुतेक ओढ्यात संपतात. आंबोली आणि चोर्ला नकाशात शेजारी वाटतात, मध्ये तिलारीचं अख्खं खोरं आहे. सकाळी आंबोली, दुपारी चोर्ला असा बेत करणाऱ्याचा दिवस गाडीच्या काचेतच जातो.

म्हणून राहायचं तेही दिशा बघून. टिळकवाडी किंवा कॅम्पात खोली घेतली की दोन्ही पश्चिमेचे रस्ते पंधरा मिनिटांत हाती येतात. खडेबाजार, गणपत गल्लीकडची लॉजं स्वस्त पडतात आणि जेवणाची चैन असते, पण पहाटे गाडी बाहेर काढायला आणि संध्याकाळी आत घालायला तिथे जीव मेटाकुटीला येतो. निघायची वेळ साडेपाच. सहा-साडेसहानंतर उद्यमबागेत फौंड्र्यांच्या पाळ्यांची वर्दळ सुरू होते आणि पिरनवाडीपर्यंतची दहा मिनिटं अर्ध्या तासावर जातात.

पेट्रोलची टाकी आदल्या रात्री शहरातच भरा. पुढे पंप मिळेल या भरवशावर जांबोटीच्या पलीकडे जाऊ नका. खाली गोव्यात उतरणार असाल तर तिथे पेट्रोल सहसा स्वस्त असतं, पण तेवढ्यासाठी टाकी रिकामी ठेवणं हा शहाणपणा नव्हे. येताना गोव्याची बाटलीही आणू नका. कणकुंबीच्या नाक्यावर तपासणी होते आणि परवान्याविना सापडलात तर दिवसाचा बाकीचा भाग नाक्यावरच काढावा लागतो.

चोर्ल्याची दिशा

एकच दिवस असेल तर हाच रस्ता. पिरनवाडीहून किणये, मग कुसमळीला मलप्रभेवरचा पूल, मग जांबोटी. जांबोटीला थांबा, चहा घ्या आणि टपरीवाल्याला विचारा, "मामा, वर पाऊस कसा आहे?" हवामानाच्या ॲपपेक्षा हे उत्तर खरं निघतं, कारण शहरात नुसती भुरभुर असते तेव्हा कणकुंबीत कौलं फुटतील असा पाऊस चालू असतो. इथून आत असलेलं आमगाव हे कर्नाटकातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक. शहराकडचं आभाळ बघून इथला अंदाज बांधता येत नाही.

जांबोटीजवळच मलप्रभेच्या पात्रात हब्बनहट्टीचा मारुती आहे. पाऊस जोरात असला की देऊळ पाण्याखाली जातं. मलप्रभेची त्या दिवसाची पातळी बघायला याच्यासारखी दुसरी खूण नाही. मारुती पाण्यात असेल तर पुढचा कुठलाही ओढा ओलांडायचा विचार सोडून द्यायचा आणि डांबरी रस्त्यावरूनच फिरायचं.

जांबोटी ते चोर्ला या पट्ट्यात चिखले, पारवाडकडे धबधबे आहेत, आणि गवाळीच्या बाजूला वज्रपोहा. पावसाळ्यात वनखातं हे बहुतेक बंद ठेवतं. नाक्यावर कन्नडमध्ये पाटी असते, "प्रवेश निषेधिसलागिदे". वाचता येत नाही ही सबब चालत नाही, दंड होतो आणि गाडीही अडकते. बंदीचं कारण खोटं नाही. इथला जांभा कातळ शेवाळाने साबणासारखा होतो आणि धबधब्याच्या माथ्यावर उभं राहिलं की कडा कुठे संपतो ते धुक्यात कळत नाही. रस्त्यावरून दिसतं तेवढं बघावं. सुर्ल्याच्या बाजूला, गोव्याच्या हद्दीत, दरीपलीकडचे धबधबे रस्त्याच्या कडेवरून दिसतात. धुकं फाटायची वाट बघत अर्धा तास उभं राहायची तयारी मात्र हवी.

ओढा वाढतोय हे ओळखायची एक साधी रीत. पाण्याच्या काठाला लागून, अगदी ओल्या रेषेवर, मुठीएवढा दगड ठेवा आणि दर दहा मिनिटांनी बघा. दगड बुडाला तर सामान उचला. त्याआधीही पाणी बोलतं: स्वच्छ धार चहाच्या रंगाची होते, वाळलेली पानं आणि काटक्या वाहत येऊ लागतात, आणि खळखळाट होता तिथे जड, घुमणारा आवाज येतो. डोक्यावर ऊन असलं तरी फसू नका. पाऊस वर, चार किलोमीटरवर पडतोय आणि पाणी वाटेवर आहे. आणखी एक: ओलांडून पलीकडे गेलात आणि मग पाणी वाढलं, तर अलीकडे यायची घाई करू नका. हे ओढे जसे पटकन चढतात तसे उतरतातही. दोन-तीन तास पलीकडे उंचावर बसून राहिलेलं परवडतं. गावकरी हे ओढे लाकडी साकवावरून ओलांडतात. साकव म्हणजे दोन-चार खोडं आडवी टाकून वेलींनी आणि तारेने बांधलेली पायवाट, दर पावसाळ्यापूर्वी नव्याने घातलेली. एका वेळी एकाच माणसाने जायचं, पिशवी एका खांद्यावर घेऊन, म्हणजे पडलात तर ती टाकता येते. मोटारसायकल साकवावर घालणारेही असतात. त्यांच्याबद्दल काय बोलावं.

दुचाकीवाल्यांसाठी चोर्ल्याबद्दल दोन शब्द. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनावर उतरा. सतत मागचा ब्रेक दाबत गेलात तर केरीच्या वळणांपर्यंत तो तापून पकड सोडतो. धुक्यात हेडलाइट खाली ठेवा. प्रखर झोत धुक्यावर आदळून परत डोळ्यात येतो. रस्त्याची डावी कड पावसाळ्यात हिरवी दिसते, ती शेवाळ असते, चाक तिच्यावर घालू नका. आणि सूर्य मावळायच्या आत कणकुंबीच्या वर परत या. संध्याकाळी गवे रस्त्यावर येतात. गवा गाडीला घाबरून पळत नाही, उभा राहून बघतो, आणि काळ्या रात्री काळं जनावर काळ्या डांबरावर दिसतं तेव्हा ब्रेक लावायला जागा उरलेली नसते. दिसला तर थांबा, लाइट खाली करा, हॉर्न वाजवू नका. कळपातला एक रस्ता ओलांडून गेला म्हणजे संपलं असं नाही, मागे वासरू असतं.

चोर्ला हे नाव प्राणिशास्त्रातही आहे, हे फार लोकांना माहीत नसतं. इथे सापडलेल्या पिवळ्या पट्ट्यांच्या मोठ्या देवगांडुळाची नवी जात म्हणून 2011 साली नोंद झाली. देवगांडूळ हा बिनपायांचा उभयचर, बेडकाचा दूरचा भाऊबंद. मातीत राहतो आणि पावसात कधी वर येतो. शेतात सापडला की साप समजून मारला जातो. अंगावर गांडुळासारख्या वळ्या पण तोंडात दात असलेलं काही दिसलं तर तिथेच सोडून द्या.

आंबोली आणि चंदगड

आंबोली बेळगावपासून सत्तर किलोमीटरच्या आत आहे आणि तिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. शनिवार-रविवारी मुख्य धबधब्यासमोर जे चालतं ते बघायला जायची गरज नाही. मंगळवार-बुधवारी जा, आणि रात्री फिरायची सोय करून जा. आंबोली हे संध्याकाळनंतरचं गाव आहे. जून-जुलैत टॉर्च घेऊन स्थानिक जाणकाराबरोबर दोन तास फिरलात तर पानावर बसलेला हिरवा उडता बेडूक, त्याने ओढ्यावरच्या फांदीला लावलेलं फेसाचं घरटं आणि कातळावर आंबोलीचा टोड, एवढं तरी दिसतं. हा टोड आंबोलीच्या परिसराबाहेर जवळपास सापडत नाही. पावसाच्या पहिल्या आठवड्यांत कातळावरच्या उथळ डबक्यांत तो अंडी घालतो, म्हणून पाणी साचलेल्या कातळावर बूट घालून नाचू नये. बेडूक हातात घ्यायचा नाही, कॅमेऱ्याचा फ्लॅश तोंडावर मारायचा नाही. रात्री फिरलात तर मुक्कामही आंबोलीतच करा. हा अपवाद बेळगावच्या मुक्कामाला करावा लागतो.

हिरण्यकेशीच्या उगमाला देवळाच्या कुंडात एक लहानशी मासळी राहते, शिस्तुरा हिरण्यकेशी. तिची नोंद 2020 साली झाली आणि पुढच्या वर्षी महाराष्ट्र सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. कुंडात पाय धुवायचे, निर्माल्य टाकायचं, साबण लावायचा हे त्यामुळेच बंद करायला हवं. अख्ख्या जातीचं घर असं पाचपन्नास पावलांत मावतं.

याच दिशेला चंदगड तालुका. महिपाळगड, गंधर्वगड, कलानिधीगड, पारगड हे किल्ले ट्रेकपेक्षा भटकंतीचे, बऱ्याच ठिकाणी गाडी जवळपर्यंत जाते. देवरवाडीचा वैजनाथ आणि वर महिपाळगड हा बेळगावातून अर्ध्या दिवसाचा बेत. पाऊस लागला म्हणून मोठा बेत फसला तर हाती ठेवायला बरा. पारगड तानाजी मालुसऱ्यांच्या मुलाचा, रायबाचा. तिथून दिसणारं रान थेट गोव्यापर्यंत जातं. तिलारी घाटाबद्दल मात्र सावध करतो. धरणाच्या कामासाठी काढलेला हा रस्ता, वळणं इतकी तीव्र की मोठी गाडी एका फटक्यात वळत नाही. घाटात नवखा ड्रायव्हर असेल तर तिलारीनगरपर्यंत जाऊन माघारी फिरा. वरून दरी चांगलीच दिसते, खाली दोडामार्गात उतरून वेगळं काही मिळत नाही.

हत्ती इथे आहेत. साधारण 2002 पासून कर्नाटकातल्या रानातून दोडामार्ग-चंदगडकडे आले आणि राहिले. केळी, फणस आणि माडांच्या बागांमध्ये शिरतात. सकाळी रस्त्यावर ताजं शेण दिसलं किंवा बागेत केळी मुळासकट उपटलेली दिसली तर त्या वाटेने चालत पुढे जाऊ नका, गावात विचारा. गावकऱ्यांकडे हत्ती रात्री कुठे होता याची बातमी असतेच.

भीमगड, हेम्माडगा आणि रेल्वे

खानापूरच्या पश्चिमेला भीमगड अभयारण्य, 190 चौरस किलोमीटर, 2011 च्या डिसेंबरात जाहीर झालं. हे सगळ्यांत दाट, सगळ्यांत कमी माणसांचं आणि नवख्यांनी सगळ्यांत जास्त अंदाज चुकवलेलं रान. आत गवाळी, पास्तोली, कोंगळा, देगाव अशी गावं आहेत. तिथली मंडळी पावसाळ्यात आजारी माणसाला डोलीत घालून आणतात. तुम्ही मौजेसाठी त्याच वाटेने जाताना अडकलात तर सोडवायला तीच माणसं येतात, हे डोक्यात ठेवा. किल्ल्यावर जायला वनखात्याची परवानगी लागते आणि खात्याचा माणूस बरोबर लागतो. दोन-तीन दिवस आधी खानापूरच्या वनकार्यालयात जाऊन विचारा. फोनवर मिळालेलं "हो, या" हे नाक्यावर उपयोगी पडत नाही, कागद लागतो.

तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत एक दुर्मीळ वटवाघूळ राहतं, रॉटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ. 1913 साली त्याची नोंद झाली आणि नंतर कित्येक दशकं जगात ते फक्त इथेच आहे असं मानलं जात होतं. पुढे मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. गुहेत जायचा हट्ट धरू नका. पिल्लं असलेल्या माद्या उजेडाने, आवाजाने बिथरतात, पिल्लं छतावरून पडतात आणि पडलेलं पिल्लू वाचत नाही.

खानापूर ते हेम्माडगा हा रस्ता म्हणजे परवानगीच्या भानगडीशिवाय हे रान बघायचा मार्ग. दोन्ही बाजूंना ऐन, किंजळ, नाणा, जांभूळ, मधे मधे वेताची जाळी. पण वाटेत हालात्रीचा पूल आहे आणि जोराच्या पावसात तो पाण्याखाली जातो. पुलावर पाणी असताना बस गेली म्हणून मोटार जात नाही. पाणी गुडघ्याच्या खाली असलं तरी मोटार तरंगू शकते. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारीत, सकाळी लवकर जा. उन्हं झाडांच्या शेंड्यांवर आली की धनेशाच्या पंखांचा आवाज येतो, वाफेचं इंजिन लांबून जावं तसा, पक्षी दिसायच्या बराच आधी. उंबर किंवा वडाला फळ धरलेलं झाड सापडलं तर तिथेच तासभर थांबा, चालत राहण्यापेक्षा जास्त दिसतं. अंधार पडल्यावर या रस्त्यावर थांबू नका. इथे अस्वल आहे, आणि अस्वल बिबट्यापेक्षा जास्त माणसं फाडतं, कारण त्याला ऐकू कमी येतं आणि अचानक समोर आलेल्या माणसावर ते धावून जातं. पायी असाल तर गप्पा मारत, काठी आपटत चाला. मोहाची फुलं किंवा करवंदं गळायच्या दिवसांत पहाटे नकोच.

लोंढ्याची दिशा रेल्वेने करा. बेळगावनंतर देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी आणि लोंढा. गुंजीपासून रूळ रानातून जातात. लोंढ्यापुढे कॅसलरॉकहून ब्रगांझा घाट उतरून कुळेला जाणारी लाइन 37 ला 1 अशा चढाची आहे. वर चढताना मागे जादा इंजिनं लावून गाडी ढकलावी लागते. दूधसागर, 310 मीटर, याच वाटेवर गाडीतून दिसतो. दिवसा घाट उतरणारी किंवा चढणारी गाडीच पकडा. दूधसागरला उतरून रुळावरून चालत जाण्याचा जो प्रकार मोबाइलवर दिसतो तो रेल्वे कायद्याच्या 147 व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि बोगद्यात समोरून गाडी आली तर कलम आठवायला वेळही मिळत नाही. धबधब्याच्या तळाशी जायचं असेल तर पावसाळ्यानंतर कुळेहून वनखात्याच्या परवानगीच्या जीप सुटतात.

दांडेली बेळगावातून करू नका. जाऊन येऊन दोनशेच्या घरात किलोमीटर होतात, काळी नदीतलं राफ्टिंग सुपा धरणातून पाणी सुटण्यावर अवलंबून, आणि गणेशगुडीचे पक्षी पहाटेच दिसतात. तिथे दोन रात्री वेगळ्या राहा.

गोकाकला पावसाळ्यातला एक दिवस ठेवा. घटप्रभा 52 मीटरवरून कोसळते. पात्र कोरडं असेल तर बघण्यात मजा नाही, म्हणून वरच्या खोऱ्यात पाऊस होऊन हिडकल धरणातून पाणी सुटल्याची बातमी आली की त्या आठवड्यात जा. झुलता पूल उघडा आहे की बंद ते तिथे जाऊनच कळतं.

जळवा, गोचीड आणि बाकीचं

जून ते सप्टेंबर जळवा असतातच. तंबाखूची भुकटी किंवा मीठ मोज्यांवर चोळायचं, पँट मोज्यात खोचायची आणि गवतात एका जागी उभं राहायचं नाही. लागलीच तर नखाने तोंडाकडची बाजू सरकवून काढा. रक्त बराच वेळ वाहतं कारण ती चावताना रक्त गोठू देत नाही. कापूस दाबून धरा, घाबरायचं कारण नाही.

खरी काळजी गोचिडीची. डिसेंबर ते मे हा गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाचा हंगाम. 1957 साली शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला हा ताप गेल्या दशकात गोव्यातल्या सत्तरीत आणि दोडामार्गात फैलावला. काजूच्या हंगामात बागेत काम करणारी माणसं सगळ्यांत जास्त सापडली. गोचिडीचं पिल्लू तिळाएवढं असतं, दिसत नाही. म्हणून या महिन्यांत पाचोळ्यावर बसायचं नाही, पडलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, आणि संध्याकाळी खोलीवर आलात की कपडे गरम पाण्यात टाकून काखा, जांघा, कानामागे, कमरेचा पट्टा असतो तिथे नीट तपासायचं. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल, काडीचा चटका, पिळणं, यातलं काही नको. त्याने ती पोटातलं आत सोडते. पुढच्या आठवड्यात ताप, प्रचंड डोकेदुखी, अंगदुखी झाली तर डॉक्टरांना "रानात गेलो होतो" हे पहिल्या वाक्यात सांगा, नाहीतर साध्या तापाच्या गोळ्या देऊन परत पाठवतील.

पिशवीत माणशी दोन लिटर पाणी, बेळगावातून बांधून घेतलेली चपाती-भाजी, टॉर्च आणि नकाशा आधीच मोबाइलवर उतरवून ठेवलेला. कणकुंबीपुढे आणि हेम्माडग्याकडे नेटवर्क येत-जात राहतं, हद्दीवर फोन कधी गोव्याच्या टॉवरला चिकटतो. कुठल्या दिशेला जातोय आणि किती वाजता परत येणार, हे लॉजच्या काउंटरवर लिहून ठेवा. बसने जाणाऱ्यांनी परतीची शेवटची बस कंडक्टरला विचारूनच उतरावं. आतल्या गावांना दिवसातून मोजक्याच फेऱ्या असतात, आणि मुक्कामाची बस गावात थांबते ती पहाटेपर्यंत हलत नाही.

भाषेची अडचण खानापूर, चंदगडकडे नाही. जांबोटी-कणकुंबीची मराठी कोकणीकडे झुकते, पण समजते. वनखात्याचे नाक्यावरचे लोक बहुधा कन्नड बोलतात, त्यांच्याशी "दारी एल्ली?" एवढं म्हटलं की वाट दाखवतात. "होळे तुंबिदे" असं उत्तर आलं तर नदी भरलीय, माघारी फिरा.

तारखा बघून या. 1 नोव्हेंबरला शहरात कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि मराठी माणसं काळा दिवस पाळतात, रस्ते बंद, बंदोबस्त कडक. सीमाप्रश्न तापला की महाराष्ट्राची एसटी हद्दीवरच थांबते, मग शिनोळीहून वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी गाडी, धरावं लागतं. गणपती विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते, त्या रात्री शहरातून गाडी काढायचा विचार करू नका. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं आणि दोन आठवडे शहरातली बरी खोली मिळत नाही, मिळाली तर दर दुप्पट. त्या दिवसांत खानापुरात मुक्काम करा. लॉज साधी आहेत, गरम पाणी बादलीतून मिळतं, पण हेम्माडग्याचा रस्ता तिथूनच फुटतो, जांबोटीलाही तिथून जाता येतं आणि पहाटे अर्धा तास जास्त झोपता येतं.